वेशीबाहेरून घरी : येशूचे रोगनिवारण आणि करुणेचा अर्थ

इसवी सन ६९ हे वर्ष रोमच्या इतिहासात चार सम्राटांचे वर्ष म्हणून ओळखले जाते. नीरोच्या मृत्यूनंतर पेटलेल्या यादवीत सिंहासन हातोहात फिरत राहिले आणि अखेर ते वेस्पासियन या सेनापतीकडे आले. त्या हिवाळ्यात तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात मुक्कामाला होता. तिथे दोन रुग्ण त्याच्यापुढे आले, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. एक आंधळा होता. सम्राटाने आपली थुंकी डोळ्यांना लावावी, अशी त्याची विनवणी होती. दुसऱ्याचा हात निकामी झाला होता. सम्राटाने त्यावर पाय ठेवावा, एवढेच त्याचे मागणे होते. वेस्पासियन आधी हसला, मग कचरला आणि शेवटी त्याने वैद्यांचा सल्ला मागवला. वैद्य म्हणाले, गुण येण्याचा संभव आहे. शिवाय गुण आला तर कीर्ती सम्राटाची आणि नाही आला तर हसे व्हायचे ते या दोन अभाग्यांचे. हा हिशेब सम्राटाला पटला. भर गर्दीत, हसतमुखाने, त्याने दोघांचे मागणे पुरवले आणि दोघेही बरे झाल्याची वार्ता पसरली. राजघराण्याचा वारसा नसलेल्या नव्या सम्राटाला दैवी कौल हवा होता, तो मिळाला.

येशूचे चरित्र सांगणारे मार्कचे शुभवर्तमानही याच सुमारास, इसवी सन ७०च्या आगेमागे लिहिले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातही एक आंधळा आहे आणि त्यातही थुंकी आहे. बेथसैदा गावातले लोक त्या आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरतो आणि त्याला गर्दीपासून दूर, गावाबाहेर नेतो. डोळ्यांना थुंकी लावून, हात ठेवून, काही दिसते का, असे विचारतो. माणसाला धूसर दिसू लागते, चालणारी माणसे झाडांसारखी भासतात. येशू पुन्हा हात ठेवतो आणि दृष्टी स्वच्छ होते. मग तो त्याला सरळ घरी पाठवतो, गावात शिरू नकोस, असेही बजावतो. दोन्हीकडचा उपचार जवळजवळ सारखा आहे, पण कथेचा रोख अगदी उलट आहे. अलेक्झांड्रियात रुग्ण हे सम्राटाच्या मोठेपणाचे साधन झाले. बेथसैदात बरे करणारा स्वतः आडोशाला जातो, पहिला प्रयत्न पुरता यशस्वी झाला नाही हेही लपवत नाही आणि माणसाला त्याच्या घराची वाट दाखवतो. शुभवर्तमानांतल्या रोगनिवारणाच्या कथा एकामागून एक तपासल्या की हाच रोख पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की येशूच्या करुणेचे मर्म रोग घालवण्याच्या सामर्थ्यात शोधू नये. रोगामुळे माणसांतून उठलेल्या माणसाला माणसांत परत आणणे आणि त्यासाठी पडेल ती किंमत स्वतः मोजणे, हे त्या करुणेचे खरे रूप आहे.

हे समजायला पहिल्या शतकात येशूच्या गालील प्रांतात आजारी पडणे म्हणजे काय होते, हे पाहावे लागते. हातावर पोट असलेल्या शेतकरी-कोळ्यांच्या त्या मुलखात अंथरूण धरलेल्या माणसाच्या घरात लवकरच उपासमार शिरे आणि आंधळ्या-पांगळ्यांना रस्त्याच्या कडेला भीक मागत बसावे लागे. काही आजारांना त्याखेरीज अशुद्धतेचा डाग होता. बायबलमधल्या लेवीय या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात त्वचारोग्यासाठी नियम आहेत : त्याने फाटके कपडे घालावेत, केस मोकळे सोडावेत, तोंड झाकून आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे आणि वस्तीबाहेर एकटे राहावे. मराठी बायबलमध्ये या रोगाला कुष्ठरोग म्हटले आहे. आजच्या अभ्यासकांच्या मते त्या नावाखाली त्वचेचे अनेक वेगवेगळे विकार येत. मात्र या नियमांवरून यहुदी धर्माला निर्दय ठरवणे अन्यायाचे होईल. याच ग्रंथाच्या पुढच्या अध्यायात बऱ्या झालेल्या माणसाला याजकाने तपासून, विधी करून पुन्हा समाजात कसे घ्यायचे, हे तपशिलाने सांगितले आहे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञाही त्याच लेवीयात आहे. येशू स्वतः यहुदी होता आणि त्याची करुणा याच परंपरेत वाढली. रोग्याला दूर ठेवणे हा फक्त यहुद्यांचाच प्रकारही नव्हे. ग्रीक जगातले सर्वांत नामांकित आरोग्यतीर्थ म्हणजे एपिडॉरसचे, अस्क्लेपियस या आरोग्यदेवाचे देवस्थान. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसानियस सांगतो, की त्या पवित्र आवारात कुणाला मरू देत नसत आणि स्त्रीला बाळंत होऊ देत नसत. म्हणजे जिथे बरे व्हायला जायचे, तिथेच सर्वांत असहाय माणसाला जागा नव्हती. पुढे एका रोमन सिनेटरने त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधून दिली, तोवर शतके लोटली होती.

या पार्श्वभूमीवर मार्कच्या पहिल्याच अध्यायातली कुष्ठरोग्याची कथा वाचावी. तो येऊन गुडघे टेकतो. येशूच्या शक्तीबद्दल त्याला शंका नाही; आपल्यासारख्याला बरे करावे असे येशूला वाटेल का, याची आहे. येशूला त्याचा कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग रोग जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे. शताधिपतीच्या चाकराला येशूने दुरूनच बरे केल्याची कथा शुभवर्तमानांत आहे, तेव्हा स्पर्शावाचून अडले होते असे म्हणता येत नाही. स्पर्शाची गरज त्या माणसाला होती. तो अजून रोगी असताना, नियमाने अस्पर्श्य असताना, कुणाचा तरी हात त्याच्या अंगाला लागला. यानंतर येशू त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला आणि मोशेने सांगितलेले अर्पण करायला सांगतो, कारण समाजात परत घेतल्याची ग्वाही याजकानेच द्यायची होती. त्वचा स्वच्छ झाली, तरी ती ग्वाही मिळेपर्यंत काम अपुरेच होते. गवगवा करू नकोस, असे येशूने त्याला बजावले होते, पण त्याने गावभर सांगितले. परिणामी येशूला उघडपणे नगरात जाणे अशक्य झाले आणि तो बाहेर ओसाड जागी राहू लागला, अशी नोंद करून मार्क हा प्रसंग संपवतो. वेशीबाहेरचा माणूस आत गेला आणि त्याला आत पाठवणारा बाहेर राहिला. करुणेची किंमत कोण मोजतो, हे मार्कने ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगून टाकले आहे.

बारा वर्षे रक्तस्राव सोसणाऱ्या स्त्रीच्या कथेत हाच विचार आणखी खोल जातो. तिने अनेक वैद्य केले, जवळचे सगळे खर्चून बसली आणि दुखणे वाढतच गेले. नियमाप्रमाणे ती बसेल ती जागा अशुद्ध आणि तिला शिवेल तो अशुद्ध. ती गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला चोरून हात लावते आणि बरी होते. रोग घालवणे एवढाच हेतू असता, तर गोष्ट इथेच संपली असती. येशू मात्र थांबतो आणि मला कोणी शिवले, असे विचारत राहतो. तो त्या वेळी सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या घरी निघाला आहे. याईरची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. एका प्रतिष्ठित बापाला ताटकळत ठेवून तो एका निनावी, निर्धन बाईचे सगळे म्हणणे ऐकून घेतो. तिला उघडे पाडण्यासाठी त्याने हे केले असते, तर ते क्रूर ठरले असते. पण ती थरथरत पुढे येते, तेव्हा तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो आणि सगळ्यांदेखत तिच्या विश्वासाचा गौरव करून तिला शांतीने जायला सांगतो. चोरून मिळालेले आरोग्य तिला पुढेही चोरूनच जपावे लागले असते. चारचौघांत झालेल्या या बोलण्याने तिला तिचे नाते आणि मान परत मिळाला. पुढे याईरची मुलगी उठते, तेव्हा येशू घरच्यांना तिला खायला द्या, असे सांगतो. सगळे थक्क होऊन उभे असताना लेकराच्या भुकेची आठवण त्यालाच राहते.

अशा तपशिलांनी या कथा भरल्या आहेत आणि ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. गरसेकरांच्या प्रांतातला भूतग्रस्त माणूस थडग्यांत राहतो. लोकांनी त्याला बेड्या-साखळदंडांनी जखडून पाहिले आहे. तो बरा झाल्यावर कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला लोकांना दिसतो. त्याला येशूबरोबर जायचे असते. अनुयायांची संख्या वाढवणे हाच ज्याचा हेतू असेल, त्याने असा साक्षीदार आनंदाने सोबत घेतला असता. येशू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे परत पाठवतो. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बार्तीमय हाका मारतो, तेव्हा लोक त्याला गप्प करू पाहतात. येशू त्याला बोलावून, मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारतो. आंधळ्याला काय हवे असणार, हे काय विचारायचे, असे आपल्याला वाटेल. पण रोग्याच्या वतीने इतरांनी सगळे ठरवून टाकायचे, ही त्याची नेहमीचीच अवस्था असते. या एका प्रश्नाने त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायची संधी मिळते. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला येशू गर्दीतून बाजूला घेतो. जो ऐकू शकत नाही, त्याच्याशी तो कानांत बोटे घालून आणि जिभेला स्पर्श करून, म्हणजे खुणांनी संवाद साधतो. प्रत्येकाची गरज वेगळी म्हणून प्रत्येकाकडे जाण्याची रीत वेगळी.

या करुणेत केवळ मऊपणा नाही, संतापही आहे. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस बसलेला असतो. येशू त्याला आज बरे करतो का, यावर काही जण टपून आहेत. त्या माणसाचा रोग जुना आहे; एक दिवस थांबले असते तर वादही टळला असता. येशू त्याला मध्यभागी उभा करतो आणि शब्बाथाच्या दिवशी चांगले करणे योग्य की वाईट करणे, असा प्रश्न सगळ्यांना विचारतो. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा तो त्यांच्याकडे रागाने पाहतो आणि त्यांच्या मनाच्या कठोरपणाने खिन्न होतो, असे मार्क लिहितो. हात बरा होतो आणि लगेच परूशी या यहुदी पंथाचे लोक व सत्ताधारी हेरोदाचे समर्थक मिळून त्याच्या घाताची मसलत करू लागतात. मार्कच्या शुभवर्तमानात त्याच्या मरणाचा पहिला कट एका रोग्याला बरे केल्यावरून शिजतो, ही गोष्ट विसरून चालणार नाही. लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या स्त्रीची अशीच कथा आहे. सभास्थानाचा अधिकारी कुरकुरतो, तेव्हा येशूचा युक्तिवाद सरळ असतो : शब्बाथाच्या दिवशी तुम्ही बैल-गाढवाला सोडून पाण्यावर नेता, मग अब्राहामाच्या या लेकीला का सोडवायचे नाही? जनावराला मिळणारी दया माणसाला नाकारण्यात धर्म कसला, हा त्याचा सवाल आहे. शब्बाथाच्या दिवशी जीव वाचवावा, हे यहुदी गुरूंनाही मान्य होते. येशू ती मर्यादा पुढे नेतो. जीव धोक्यात नसला तरी दुःखाने वाट का पाहायची, असे त्याचे म्हणणे आहे.

इथे पहिला आणि सर्वांत स्वाभाविक आक्षेप येतो. या साऱ्या चमत्कारकथा आहेत. विज्ञानाच्या काळात त्यांच्यावर युक्तिवाद कसा उभा करायचा? याचे उत्तर दोन पातळ्यांवर आहे. इतिहासाच्या पातळीवर पाहिले, तर येशू हयातीतच रोग बरे करणारा म्हणून प्रसिद्ध होता, हे श्रद्धा न ठेवणारे अनेक अभ्यासकही मान्य करतात. विरोधकांनी ही ख्याती नाकारली नाही. ही शक्ती सैतानाची आहे, असे यहुदी शास्त्री म्हणाल्याचे मार्कच नोंदवतो आणि पुढच्या काळातल्या तालमूद या यहुदी ग्रंथातही त्याच्यावर जादूटोण्याचा आरोप आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस त्याच्या अद्भुत कृत्यांचा उल्लेख करतो. त्या परिच्छेदात नंतर ख्रिस्ती हातांनी भर घातली गेली असली, तरी मूळ उल्लेख त्याचाच असावा, असे बरेच विद्वान मानतात. प्रत्येक प्रसंगी शरीरात नेमके काय घडले, हा प्रश्न इतिहासाच्या साधनांनी सुटणारा नाही आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. दुसरी पातळी अर्थाची आहे. चमत्कार सांगणाऱ्याला सामर्थ्य ठसवायचे असते, तेव्हा तो वेस्पासियनच्या कथेसारखी कथा सांगतो. शुभवर्तमानकारांनी मात्र स्पर्श, प्रश्न, हाक, जेवण, घराकडे पाठवणी यांच्या आठवणी जपल्या. ज्यांना चमत्कार मान्य नाही, त्यांनाही या आठवणींतून उभी राहणारी करुणेची कल्पना नाकारण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप खुद्द ख्रिस्ती अभ्यासकांकडून येतो. त्यांच्या मते ही कृत्ये देवाच्या राज्याची चिन्हे होती. आपला अधिकार सिद्ध करणे हा त्यांचा हेतू होता, करुणा दुय्यम. याला आधारही आहे. छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला उठवताना, पापांची क्षमा करण्याचा आपल्याला अधिकार आहे हे कळावे म्हणून आपण हे करत आहोत, असे येशू स्वतः सांगतो. योहानाचे शुभवर्तमान तर या कृत्यांना चिन्हेच म्हणते. पण परूशी मुद्दाम आकाशातून चिन्ह मागतात, तेव्हा येशू साफ नकार देतो. निव्वळ सामर्थ्य सिद्ध करायचे असते, तर ती संधी सोन्यासारखी होती. तुरुंगातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने, ज्याच्या येण्याची वाट आहे तो तूच का, असे विचारायला माणसे धाडली. तेव्हा येशूने आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, बहिरे आणि गोरगरीब यांच्या बाबतीत काय घडते आहे, तेवढेच जाऊन सांगा, असे म्हटले. म्हणजे राज्याचा पुरावा म्हणून त्याने दुबळ्यांचे उभे राहणेच पुढे केले. चिन्ह आणि करुणा यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, कारण ज्या राज्याचे ते चिन्ह आहे, त्या राज्याचा स्वभावच करुणा आहे.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सोराच्या प्रदेशातली एक परकीय आई आपल्या मुलीसाठी गयावया करते, तेव्हा लेकरांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, अशा अर्थाचे कठोर उत्तर येशू तिला देतो. काही भाष्यकार म्हणतात, की तो तिची परीक्षा पाहत होता. मला ही सारवासारव पटत नाही. ते उत्तर कठोर आहे आणि कथेत ते तसेच ठेवले आहे. पण कथा पुढेही जाते. ती आई त्याच्याच दाखल्याचा आधार घेऊन त्याला उत्तर देते, मेजाखालच्या तुकड्यांवर आपला हक्क सांगते आणि येशू तिचे म्हणणे मान्य करून मुलगी बरी झाल्याचे सांगतो. शास्त्री-परूश्यांशी झालेल्या वादांत त्याला निरुत्तर करणारा कोणी भेटत नाही. इथे एका परक्या स्त्रीपुढे तो माघार घेतो. ज्या अनुयायांनी ही कथा जपली, त्यांना ती अडचणीची वाटली असणारच. तरी त्यांनी ती पुसली नाही, कारण करुणेची कुंपणे कशी हलतात, हे त्यांना त्यात दिसले. बेथेस्दाच्या तळ्याकाठची कथाही असाच प्रश्न उभा करते. यरुशलेमेत संत अॅनच्या चर्चजवळ उत्खननात सापडलेल्या या तळ्याच्या ओवऱ्यांत रोग्यांची दाटी असे. येशूने त्यांतल्या एकालाच बरे केले. मग बाकीच्यांचे काय? याला समाधानकारक उत्तर नाही. पण त्याने कोणाला निवडले, हे पाहण्यासारखे आहे : जो अडतीस वर्षे आजारी होता आणि ज्याला त्या गुणकारी मानलेल्या पाण्यापर्यंत नेणारे एकही माणूस नव्हते, त्याला.

चौथा आक्षेप रोग्यांच्या जिवाशी भिडणारा आहे. विश्वासाने बरे केले, असे येशू काहींना सांगतो. मग जे बरे होत नाहीत, त्यांचा विश्वास कमी पडला का? आजही काही प्रार्थनासभांतून असा अर्थ काढला जातो आणि आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर अपराधाचे ओझे चढते. कथांमध्ये मात्र याला आधार नाही. पक्षाघाती माणसाच्या बाबतीत येशूने त्याला खाटेसह उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. याईरची मुलगी तर निपचित पडली होती. बेथेस्दाच्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण, हेही ठाऊक नव्हते. शिवाय जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. व्याधीमागे कुणाचे तरी पातक शोधायची खोड आपल्याकडेही जुनी आहे. पूर्वजन्मीचे भोग म्हणून कुष्ठरोग्यांची किती घरे आपण तोडली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. त्या जन्मांधाला दृष्टी आल्यावर सभास्थानातून हाकलून दिले जाते, तेव्हा येशू त्याला मुद्दाम शोधून काढतो. रोग गेल्यावरही माणूस एकाकी पडला, तर करुणेचे काम संपत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

अनुयायांनी या करुणेचा अर्थ काय घेतला, हे इतिहास सांगतो. चमत्कार करणे प्रत्येकाच्या हाती नव्हते, जवळ जाणे होते. तिसऱ्या शतकाच्या मध्यात रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली. तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहिलेले पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथात टिकून आहे. आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता स्वतः दगावलेल्या ख्रिस्ती बंधूंचे त्यात वर्णन आहे. ते एका बिशपने आपल्या लोकांविषयी केलेले असल्याने त्यात थोडी अतिशयोक्ती धरावी. पण चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक असलेल्या ज्युलियन सम्राटाच्या नावे असलेल्या एका पत्रातही कबुली आहे, की हे गालीलकर, म्हणजे ख्रिस्ती लोक, आपल्या गरिबांबरोबर आमचेही गरीब पोसतात आणि याची आम्हाला लाज वाटली पाहिजे. त्याच शतकात कॅपाडोशियातल्या सीझरिया शहराचा बिशप बेसिल याने शहराबाहेर रुग्णांसाठी आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली. त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो, की बेसिल तिथल्या कुष्ठरोग्यांना जवळ घेऊन त्यांचे चुंबन घेई. करुणा ही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. विष्ठेत पडलेल्या आजारी भिक्षूला बुद्धाने स्वतः धुतले आणि आजाऱ्याची सेवा ती माझी सेवा, असे संघाला शिकवले, ही विनयपिटकातली कथा येशूच्या कितीतरी आधीची आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केल्याचे अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या शिलालेखात कोरून ठेवले. दोन वेगवेगळ्या परंपरा, एकमेकींवर न विसंबता, रोग्याच्या अंथरुणापाशी येऊन थांबाव्यात, यामुळे त्या शिकवणीचे वजन वाढतेच.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध येतो तो मिशनच्या दवाखान्यांमुळे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. तिथे वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली, कुष्ठरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय उभे राहिले, आणि क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाजवळच्या वानलेसवाडीने त्यांचे नाव आजही सांगली-मिरजेच्या मध्ये जपले आहे. पण या सेवेमागे धर्मांतराचा हेतू होता, हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. गांधीजींनी तो वारंवार घेतला. दुखण्याने अगतिक झालेल्या माणसाला औषधाबरोबर धर्म देऊ करणे अनुचित आहे, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचे सर्वांत बळकट कारण शुभवर्तमानातच सापडते. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, त्यांतला एकच, तोही यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी, आभार मानायला परतला. उरलेल्या नऊ जणांविषयी येशूने खंत व्यक्त केली, पण त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. परतलेल्यालाही त्याने आपल्या वाटेने जायला सांगितले. शिष्यांना रोग्यांकडे पाठवताना, तुम्हाला फुकट मिळाले आहे तर फुकटच द्या, अशा अर्थाची आज्ञा केली. ज्या दवाखान्याने सेवेच्या मोबदल्यात निष्ठा मागितली, तो याच कसोटीला उतरला नाही. ज्यांनी काही न मागता हात पुढे केला, ते उतरले. आणि वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनात बाबा आमटे यांनी ख्रिस्ती न होता तेच काम केले. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा स्वतः धुणारे गांधीजीही त्याच वाटेवर होते.

कुष्ठरोगाचा आधुनिक इतिहास माझ्या मूळ मुद्द्याला सर्वांत कठोर पुरावा पुरवतो. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली या रोगाचा जंतू शोधला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोग्यांची बोटे मांस सडून गळत नाहीत. वेदना कळेनाशी झाल्यामुळे वारंवार इजा होऊन ती झिजतात. त्यांनी स्नायुबंध बदलून वाकलेले हात सरळ केले, पण हात सुधारलेल्या रोग्याला गावात ना काम मिळे ना भीक. म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला हातांना काम शिकवणारे केंद्र त्यांना उभारावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि हा रोग पुरता बरा होऊ लागला. तरीही रोग्यांना डांबून ठेवण्याची तरतूद असलेला १८९८चा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघाले ते २०१९च्या दुरुस्तीने. औषध सापडल्यावरही जवळजवळ चार दशके कायद्याने बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाला वेशीबाहेर ठेवले. जंतू मारणे आणि माणसाला परत घेणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे अधिक अवघड आहे, हे मार्कने कुष्ठरोग्याला याजकाकडे पाठवणारा येशू दाखवून कधीच सांगितले होते.

यातून आज घेण्यासारखे काय, याचे उत्तर मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. शेवटच्या न्यायाच्या त्या दृश्यात राजा सहा प्रकारच्या गरजवंतांशी स्वतःला एकरूप मानतो. भुकेल्याला अन्न दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, असे तो विचारतो. या क्रमाने आजाऱ्याच्या बाबतीत, त्याला बरे केले का, असा प्रश्न अपेक्षित होता. राजा तो विचारत नाही. आजाऱ्याचा समाचार घेतला का, एवढेच तो विचारतो. ज्याच्या नावावर इतकी रोगनिवारणे आहेत, त्याने इथे इतरांकडून बरे करण्याची अपेक्षा धरलेली नाही. जवळ जाण्याची धरली आहे. म्हणून चमत्कार मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला, डॉक्टरला आणि शेजाऱ्याला ही मागणी सारखीच लागू आहे. मनोरुग्णालयातून बरे होऊन आलेल्या मुलीला तिच्याच घरात पुन्हा खोलीत कोंडले जाते, एचआयव्हीबाधिताला भाड्याने घर मिळत नाही, क्षयाचा उपचार पूर्ण केलेल्या सुनेचे ताट वेगळेच राहते. या ठिकाणी औषधाने आपले काम चोख केलेले असते. उरलेले काम कोणत्याही दवाखान्यात होत नाही. ते घराच्या उंबरठ्यावर, कामाच्या जागी, पंगतीत आणि कायद्याच्या पुस्तकात करावे लागते, आणि ते आपल्यातल्या प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे, म्हणूनच ते न करण्याला आपल्यापाशी सबब नाही.